उद्धरणांची मोजणी आणि निरीक्षणाचे मोल

संशोधकाची योग्यता आज अंकांनी सांगितली जाते. शोधनिबंध किती, इतरांनी त्यांचा आधार किती वेळा घेतला आणि ते ज्या नियतकालिकांत आले त्यांचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ किती, हे तीन आकडे मांडले की माणसाचे मोजमाप पूर्ण झाले असे मानण्याची रीत पडली आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतील पदोन्नतीलाही प्रकाशित निबंधांची अट आहे. करजगीच्या परिसरात व्यवसाय करणाऱ्या आपणांस या हिशेबाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे असे मला वाटते, आणि त्यासाठी मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

१९२५ साली जन्मलेले डॉ. वाडिया मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात व ग्रँट मेडिकल कॉलेजात रुग्ण पाहत आणि शिकवीत. चालताना तोल जाणारे, बोलणे अडखळणारे आणि एकाच घराण्यातून पुनःपुन्हा येणारे काही रुग्ण त्यांच्या पाहण्यात आले. अनुमस्तिष्काचा आनुवंशिक ऱ्हास पूर्वीपासून ठाऊक होता. परंतु या रुग्णांच्या डोळ्यांची हालचाल विलक्षण मंद होती. एका वस्तूवरून दुसरीकडे पाहताना आपली नजर क्षणार्धात उडी घेते. यांची नजर मात्र हळूहळू सरकत असे. डॉ. वाडिया व डॉ. आर. के. स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांचे वर्णन १९७१ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि हा आजाराचा वेगळा प्रकार असल्याचे सांगितले.

पुढे १९९६ साली ‘एससीए-२’ या विकाराचे जनुक हाती आले. १९९८ साली डॉ. वाडिया व सहकाऱ्यांनी सहा भारतीय घराण्यांची जनुकीय तपासणी त्याच ‘ब्रेन’मध्ये मांडली आणि निदानात मंद नेत्रगतीचे महत्त्व अधोरेखित केले. म्हणजे बॅटरीच्या उजेडात टिपलेल्या लक्षणाला जनुकाची साक्ष मिळण्यास पाव शतक जावे लागले. इम्पॅक्ट फॅक्टरची प्रचलित गणना मागील दोन वर्षांतील निबंधांपुरती असते. शिवाय तो आकडा नियतकालिकाचा असतो, निबंधाचा नव्हे, लेखकाचाही नव्हे. युजीन गारफिल्ड यांनी रुजविलेली ही कल्पना ग्रंथालयांना नियतकालिके निवडण्यास उपयोगी पडली. तिने माणसे निवडणे हा तराजूचा दोष नव्हे, तराजू वापरणाऱ्याचा दोष आहे.

तथापि उद्धरणांना तुच्छ लेखणेही योग्य नाही. ती नऊ कुटुंबे केवळ डॉ. वाडियांच्या स्मरणात राहिली असती, तर ते ज्ञान त्यांच्याबरोबरच गेले असते. ते लिहिले गेले, म्हणून दुसऱ्यांना वाचता आले, पडताळता आले आणि पुढे नेता आले. उद्धरण म्हणजे मुळात ज्ञानाचे ऋण मान्य करणे होय. ऋणाची नोंद आवश्यकच आहे. केवळ नोंदींच्या संख्येवरून धनाची पारख होत नाही, इतकेच.

येथे मला स्वतःचा एक अपराध कबूल केला पाहिजे. अनेक वर्षांपूर्वी लडखडत चालणारे दोन सख्खे भाऊ माझ्याकडे येत. गाव त्यांना दारुडे म्हणे. त्यांचे वडीलही असेच चालत, हे त्यांच्या आईने मला सांगितले होते. मी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि विषय संपविला. त्यांचे डोळे हलवून पाहिले नाहीत, घराण्याची वंशावळ मांडली नाही. त्यांना कोणता विकार होता हे आज सांगता येणार नाही, कारण माझ्याजवळ एका ओळीचीही नोंद नाही. निदान झाले असते तरी विकार बरा झाला असता असे नाही. पण त्या घरावरचा दारूचा कलंक कदाचित पुसला गेला असता.

सोलापूर, कलबुर्गी वा बेंगळुरूच्या तज्ज्ञाला रुग्ण एकदा दिसतो. आपल्याला आजोबा, मुलगा आणि नातू असे तिघेही दिसतात. मामाच्या मुलीशी वा भाचीशी विवाह होणाऱ्या आपल्या भागात अप्रभावी जनुकांचे विकारही डोळसपणे पाहावे लागतात. ही संधी मोठ्या संस्थांनाही दुर्लभ आहे. महाडसारख्या ठिकाणी राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरील निरीक्षणे ‘लॅन्सेट’पर्यंत नेली, तीही रुग्णाच्या उशाशी बसूनच.

म्हणून माझी नम्र सूचना अशी, की प्रत्येक सभासदाने एक साधी वही ठेवावी. न उलगडलेला रुग्ण, त्याचे वय, लक्षणे आणि तीन पिढ्यांची वंशावळ तीत लिहावी. रुग्णाच्या संमतीने व नाव गुप्त ठेवून ती मासिक सभेत वाचावी. त्यातून शोधनिबंध निघेल वा न निघेल, कोणी उद्धृत करील वा न करील. परंतु त्या दोन भावांसारखे कोणी पुन्हा आपल्या दारी आले, तर ते नोंदीविना परत जाणार नाहीत.