आधी ताळेबंद, मग निर्लेखन

नगर तालुक्यातले हिवरे बाजार हे वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे गाव. १९७२ च्या दुष्काळानंतर ते हळूहळू ओस पडत गेले, माणसे पोटासाठी बाहेर पडली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान यांतून गाव सावरले, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. पण पाणलोटाची कामे इतरही गावांत झाली. तिथेही चर खणले गेले, बांध घातले गेले, आणि त्यातली कित्येक गावे पुन्हा टँकरची वाट पाहू लागली. हिवरे बाजार टिकले ते पाण्याच्या ताळेबंदामुळे. पाऊस गावातच मोजायचा, निरीक्षण विहिरींची पातळी बघायची, माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्या पाण्यात कोणते पीक बसते ते ग्रामसभेत ठरवायचे. ऊस आणि केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. पाऊस कमी झाला तर त्या वर्षी पीकही बेताचेच. या ताळेबंदाचा संगणकांशी काय संबंध, असे कोणी विचारील. माझ्या मते फार जवळचा आहे.

आपल्या शाळांत आणि ग्रामपंचायतींत संगणक येतात ते एका लाटेत आणि पडून राहतात तेही एका लाटेत. माध्यमिक शाळांत आयसीटी योजनेतून संगणक कक्ष उभे राहिले. पाच वर्षांचा करार संपला की पुरवठादार गेला, मानधनावरचा निदेशक गेला, यंत्रे तेवढी राहिली. ग्रामपंचायतींत २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पाचे संगणक आले, पुढे त्यांच्या जागी ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आले. अधूनमधून सीएसआरचे, देणगीदारांचे लॅपटॉप येत राहिले. यातला मोठा भाग आज कपाटात आहे आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून कायमचे वगळले जाण्याची, वाट पाहतो आहे. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसर साधारण २०१७-१८ नंतरचा लागतो. यामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने २०२३ च्या अखेरीस मांडला होता. यातले बहुतेक बिघडलेले नाहीत. त्यांच्यावर कोणते पीक घ्यायचे ते दुसऱ्याच कोणी ठरवले, आणि पाणी पुरत नाही म्हणून आपण नव्या खरेदीचा प्रस्ताव टाकतो आहोत. तेव्हा कोणतेही यंत्र निर्लेखित करण्याआधी त्याचा ताळेबंद मांडणे बंधनकारक असावे, असे माझे म्हणणे आहे.

या ताळेबंदात मोजायचे काय? समजा, २०१२-१३ चा एक साधा लॅपटॉप आहे: तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. बटण दाबले की पाच-सात मिनिटे डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो आणि बघणारा म्हणतो, यंत्र म्हातारे झाले. टास्क मॅनेजर उघडून पाहिले तर प्रोसेसर निवांत असतो आणि डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली असते. त्या डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि वाचणारी सुई दर वेळी जागा शोधत फिरते. विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला शंभरएक वाचने झाली तरी खूप. हलते भाग नसलेली एसएसडी तेच काम हजारोंच्या संख्येने करते. अडीच इंची साटा एसएसडी त्याच खाचेत, त्याच स्क्रूंवर बसते. या एका बदलाने अशा लॅपटॉपचा जो कायापालट होतो, तो नवा प्रोसेसर बसवूनही झाला नसता. मेमरी आणि एसएसडीच्या किमती अलीकडे चढल्या आहेत हे खरे. पण त्याच कारणाने नवा लॅपटॉपही महागला आहे, त्यामुळे हिशेब जुन्याच्या बाजूने झुकतो.

त्याहून स्वस्त दोष आणखी बरेच. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक बटण-बॅटरी असते, बहुधा सीआर २०३२ क्रमांकाची. ती संपली की यंत्र बंद केल्यावर तारीख विसरते आणि पुढच्या वेळी दहा-बारा वर्षे मागे जाऊन सुरू होते. मग ब्राउझर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र नाकारतो, कारण त्या तारखेला ते प्रमाणपत्र जन्मालाच आलेले नसते. शाळेत शेरा पडतो: ‘इंटरनेट चालत नाही’. औषध मात्र काही दहा-वीस रुपयांचे. पंख्यात धूळ साचलेली असते, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते, म्हणून यंत्र तापते आणि स्वतःच वेग उतरवते. बॅटरी फुगलेली असेल तर ती काढूनच टाकायची, तिथे काटकसर नको. हे सगळे तपासायला एका यंत्रामागे अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास आज कोणाच्याच कामात धरलेला नाही, म्हणून यंत्रे कपाटात जातात.

मोजून झाले की पीक निवडायचे. ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंट या मुक्त प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, २ जीबी असेल तर अँटीएक्ससारखी आणखी हलकी प्रणाली. झेडरॅम चालू केले की मेमरीतला मजकूर दाबून ठेवला जातो आणि तेवढ्याच रॅममध्ये थोडे अधिक काम मावते. खरा खादाड असतो ब्राउझर. जुन्या यंत्रावर यूट्यूब अडखळते, कारण नवे व्हिडिओ व्हीपी ९ आणि एव्ही १ या पद्धतींनी बांधलेले असतात आणि ते उलगडायची सोय जुन्या चिपमध्ये नसते. एच २६४ ची सोय असते, तेव्हा ब्राउझरला तेच मागायला लावायचे आणि ४८०पी दर्जावर समाधान मानायचे. त्याहून बरे म्हणजे धडे आधीच डिस्कवर उतरवून ठेवायचे. किविक्समधून मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो, लिबरऑफिस मराठीत चालते, लहान मुलांसाठी जीकॉम्प्रिस आहे. व्हिडिओ संपादन आणि एकाच वेळी वीस टॅब, ही या जमिनीतली ऊस-केळी.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप प्रतिष्ठेचा आहे. शहरातल्या मुलाला नवे आणि खेड्यातल्या मुलाला उतरलेले, हे कोणत्या समतेत बसते? आक्षेप रास्त आहे. कंपन्यांनी टाकून दिलेली यंत्रे न तपासता शाळेच्या दारात उतरवणे आणि फोटो काढून निघून जाणे, याला दान म्हणणेही जड जाते. पण इथे चर्चा शाळेच्या मालकीच्या, तिच्याच कपाटातल्या यंत्रांची आहे. तीस विद्यार्थ्यांमागे दोन नवे संगणक की दोन नवे आणि आठ दुरुस्त केलेले, असा प्रत्यक्षातला प्रश्न असतो. पहिल्या स्थितीत बहुतेक मुले शिक्षकाच्या खांद्यावरून बघत राहतात. टंकलेखन, फाइल जपून ठेवणे, पायथनमध्ये चार ओळींचा प्रोग्राम लिहिणे या गोष्टी हात चालवूनच येतात. केरळने २००० च्या दशकात शालेय संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. आजही तिथली काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स प्रणाली बांधून देते. तिथली मुले मागे पडली, असे म्हणायला कोणी धजावत नाही.

दुसरा आक्षेप कामकाजाचा आहे आणि तो अर्धा खरा आहे. ग्रामपंचायतीत डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लागते आणि अनेक सरकारी संकेतस्थळांच्या सहायक प्रणाली विंडोज गृहीत धरून बनवलेल्या असतात. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या वर्षानुवर्षांच्या फाइली लिनक्सवर उघडल्या की अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून स्वाक्षरीचे यंत्र नवे आणि विंडोजचेच असावे. ताळेबंदात पिण्याचे पाणी आधी बाजूला काढतात ते असेच. दाखल्यांचे मसुदे, ग्रामसभेचे इतिवृत्त, वाचनालयाची नोंद यांना त्या यंत्राची गरज नाही. मजकूर युनिकोडमध्ये असला आणि इन्स्क्रिप्ट कळफलकाचा सराव असला की प्रणाली कोणतीही चालते. जुन्या फाँटची कटकट तर नवा संगणक घेऊनही सुटत नाही, तिला युनिकोडमध्ये रूपांतर हाच उपाय आहे.

सुरक्षिततेची भीतीही घातली जाते. जुने यंत्र धोक्याचे, असे सरसकट म्हणणे चूक आहे. आधार संपलेली प्रणाली धोक्याची असते. बारा वर्षांच्या लॅपटॉपवर चालू आवृत्तीची लिनक्स प्रणाली असेल आणि तिचे अपडेट नियमित येत असतील, तर तो आधार संपलेल्या विंडोज १० पेक्षा सुरक्षित असतो. पण इथे हद्दही मान्य करावी लागते. ३२-बिटच्या यंत्रांचा रस्ता संपत आला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्स प्रणालीत त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच नाही, आणि लिनक्सवरच्या फायरफॉक्सनेही त्यांची साथ सोडायला घेतली आहे. १ जीबी रॅमचे ३२-बिट यंत्र जिवंत ठेवण्याची हौस घरी जरूर करावी, शाळेचा वेळ त्यात घालू नये. ताळेबंद मांडायचा तो ‘नाही’ म्हणता यावे म्हणूनही.

उरला प्रश्न हे करणार कोण याचा. शिक्षकांवर आणखी एक काम लादून हे होणार नाही. राज्यात बहुतेक तालुक्यांत शासकीय आयटीआय आहे आणि अनेक ठिकाणी ‘कोपा’ हा संगणक चालकाचा व्यवसाय शिकवला जातो. त्या विद्यार्थ्यांना सरावासाठी खरी यंत्रे हवी असतात, शाळांना हात हवे असतात. वर्षातून एकदा तालुक्यातल्या शाळांची बंद यंत्रे आयटीआयमध्ये आणावीत, प्रत्येकाच्या नावे एक पान भरावे: प्रोसेसर ६४-बिट आहे का, रॅम किती आणि खाच रिकामी आहे का, डिस्क कोणती, बटण-बॅटरी जिवंत आहे का, आणि शेवटी या यंत्राला झेपेल असे काम कोणते. ते पान डेडस्टॉक रजिस्टरला जोडल्याशिवाय निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही होऊ नये. एसएसडीसारख्या सुट्या भागांसाठी शाळेला आणि ग्रामपंचायतीला थोडी रक्कम खर्च करण्याची मोकळीक हवी. नव्या संगणकाला निधी मिळतो आणि सुट्या भागाला लेखाशीर्ष सापडत नाही, हे आपल्या कार्यालयांतले जुने दुखणे आहे.

संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने २००४ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार त्या काळचा एक डेस्कटॉप आणि त्याचा मॉनिटर बनवायला सुमारे २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि १,५०० किलो पाणी लागत होते. आजच्या लॅपटॉपचे आकडे वेगळे असतील. पण त्याच्या आयुष्यभराच्या कार्बनचा मोठा वाटा तो आपल्या हाती पडण्याआधीच खर्ची पडलेला असतो, हे उत्पादक कंपन्यांचेच अहवाल सांगतात. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. आपल्याकडे २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली आहे. ताळेबंदात नापास झालेली यंत्रे डिस्क पुसून नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच गेली पाहिजेत. हातगाडीवरच्या भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिली तर तांब्यासाठी वायर कुठेतरी उघड्यावर जाळली जाते, आणि निर्लेखनाच्या फाइलवर त्याची कुठेच नोंद होत नाही.