सापडली, पण घ्यायची नाही! – जंगलवाटेवरची लपवलेली पत्रपेटी

स्नेहसंमेलनात किंवा सहलीत आपण 'खजिना शोधा' हा खेळ खेळतो. त्यात शेवटी काय होतं? ज्याला वस्तू आधी सापडते तो बक्षीस घेतो, टाळ्या वाजतात आणि बाकीच्यांचा खेळ तिथेच संपतो. आता असा खेळ डोळ्यांसमोर आणा, ज्यात वस्तू सापडल्यावर ती पुन्हा जिथल्या तिथे लपवून ठेवायची असते. म्हणजे पुढच्याला ती शोधता येईल. या खेळाचं नाव लेटरबॉक्सिंग. माझ्या मते आपल्या शाळांनी हा खेळ जरूर उचलावा.

याची सुरुवात झाली इंग्लंडमध्ये. देशाच्या नैऋत्येला डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचा उंच, ओसाड, दलदलीचा माळ आहे. तिथे क्रॅनमिअर पूल ही फार आडवळणाची जागा. १८५४ साली चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट या वाटाड्याने तिथे एक बाटली ठेवली. एवढी पायपीट करून येणाऱ्याने आपलं नावाचं कार्ड त्या बाटलीत टाकायचं, इतकीच कल्पना. पुढे लोक तिथे पत्ता लिहिलेली पत्रं ठेवू लागले. नंतर येणारा माणूस ती उचलायचा आणि टपालात टाकायचा. म्हणून ती झाली 'पत्रपेटी'. १९९८ साली अमेरिकेतल्या 'स्मिथसोनियन' मासिकात या छंदावर लेख आला आणि तिकडच्या जंगलवाटांवरही अशा पेट्या लपवल्या जाऊ लागल्या.

आज या पेटीत काय असतं? एक छोटी वही आणि एक रबरी शिक्का. शोधणाऱ्याजवळही स्वतःची वही आणि स्वतःचा शिक्का असतो. पेटीतला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का पेटीतल्या वहीत. मग डबा नीट बंद करायचा, होता तसाच झाकायचा आणि चालू लागायचं. पैसा नाही, बक्षीस नाही. घरी येतो तो फक्त शाईचा एक ठसा!

कुणी म्हणेल, "यात मिळालं काय?" मला वाटतं, शिकण्यासारखं खरं यातच आहे. ही पेटी टिकते कशावर? तिथे कुलूप नाही, पहारेकरी नाही, कॅमेरा नाही. एका जरी माणसाने ती उचलून नेली तरी पुढच्या सगळ्यांचा खेळ संपला. आपल्याला कधीच न भेटणाऱ्या माणसाचा विचार करून ती जागच्या जागी ठेवायची असते. 'सार्वजनिक मालमत्ता जपा' असं आपण फळ्यावर लिहितो, मुलं ते वहीत उतरवूनही घेतात. पण जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र हातांनी करून बघितल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या गडकिल्ल्यांवर जाऊन बघा. तटबंदीवर, लेण्यांच्या खांबांवर, अगदी झाडांच्या सालीवरही नावं कोरलेली दिसतात. 'मी इथे आलो होतो' हे सांगावंसं वाटणं स्वाभाविक आहे, त्यात वाईट काही नाही. पण त्यासाठी दगड कशाला खरवडायचा? पेटीतली वही त्या इच्छेला हक्काची जागा देते. डार्टमूरमध्ये तर नियमच आहे की प्राचीन अवशेषांत, जुन्या भिंतींत पेटी लपवायची नाही आणि सिमेंट वापरायचं नाही. खेळ आपला, पण जागा सगळ्यांची.

"आता मोबाईल असताना हे कशाला?" असाही प्रश्न येईल. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने नागरी जीपीएसची अचूकता वाढवली आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या ओरेगॉन राज्यात एकाने बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यातून 'जिओकॅशिंग' सुरू झालं. तोही छान खेळ आहे. पण त्यात बाण दाखवेल तिकडे जाता येतं. पत्रपेटीच्या सूचना मात्र बहुधा शब्दांत असतात : अमुक खडक पाठीशी घ्या, होकायंत्राने दिशा धरा, इतकी पावलं मोजा. वाक्य नीट वाचलं नाही तर वाट चुकलीच. मराठीच्या शिक्षकाला उताऱ्याच्या आकलनासाठी याहून चांगला सराव कुठे मिळणार?

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. आपल्याकडे अभयारण्यात किंवा संरक्षित किल्ल्यावर परस्पर डबे ठेवत सुटू नका. तिथे परवानगीचे नियम असतात. शिवाय कपारीत हात घालणं म्हणजे साप-विंचवाला आमंत्रण! म्हणून सुरुवात शाळेच्या आवारात करावी. एका गटाने सूचना लिहायच्या, उदाहरणार्थ : 'वडाच्या पारावर उभे राहा, उगवतीकडे तोंड करा, बारा पावलं चाला, मग डाव्या हाताला वळा.' दुसऱ्या गटाने शोधायचं. शिक्का विकत आणायची गरजच नाही. भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे आपण चित्रकलेच्या तासाला करतोच की! वहीत फक्त ठसा आणि तारीख.

मग महिनाभर पेटी तिथेच राहू द्या. कुणी किती लवकर शोधली याला गुण देऊ नका. महिन्याच्या शेवटी डबा जागेवर आहे का आणि वहीत किती ठसे जमले, एवढंच बघा. डबा जागेवर असेल, तर अख्खा वर्ग पास!