जिंकणाऱ्याच्या पाठीवर वजन?

२०२३ साली फॉर्म्युला वनच्या २२ शर्यतींपैकी २१ रेड बुलने जिंकल्या. टीव्हीसमोर बसणारे आमच्या हाउसमधले कॅडेटसुद्धा कंटाळले. ‘वेगवान गाडीला वजन लावा,’ असे काही जण म्हणू लागले. ब्रिटनच्या टूरिंग कार स्पर्धेत अनेक वर्षे तसेच होत असे. जिंकलेल्या गाडीत पुढच्या शर्यतीसाठी जादा वजन टाकत. चुरस वाढते, हे खरे. पण मग जिंकण्याची शिक्षाच मिळाली की! क्रॉस कंट्रीत गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या हाउसच्या पिट्ठूत आपण विटा भरतो का?

फॉर्म्युला वनने काढलेला उपाय मला जास्त पटतो. तिथे विंड टनेलमधील चाचण्यांचा कोटा क्रमवारीच्या उलट मिळतो. २०२२पासून पहिल्या संघाला ठरलेल्या प्रमाणाच्या ७० टक्के, दहाव्याला ११५ टक्के. मागे पडलेल्याला तयारीसाठी जास्त वेळ, ट्रॅकवर मात्र कोणालाही सवलत नाही. याचे फळ लगेच दिसत नाही (२०२३मध्येही हाच नियम होता!), म्हणून धीर हवा. २०२४मध्ये संघांचे विजेतेपद मॅकलॅरेनने पटकावले. रेड बुल तिसऱ्या क्रमांकावर गेली.