एका विद्यार्थ्याचा भागाकार

शाळकरी मुलांनी राजकारणात पडू नये, असे सांगणारे शहाणे सर्वच देशांत असतात. त्यांनी अमेरिकेतील एक हिशेब अवश्य तपासावा.

१४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातील पार्कलंड येथील हायस्कूलमध्ये एका १९ वर्षांच्या तरुणाने १७ जणांचे बळी घेतले. त्याची रायफल कायदेशीरपणे विकत घेतलेली होती. तिसऱ्याच दिवशी त्या शाळेतील १८ वर्षांच्या एक्स (तेव्हा एम्मा) गोन्झालेझ यांनी भर सभेत भागाकार मांडला. नॅशनल रायफल असोसिएशनने ट्रम्प यांच्या निवडणुकीसाठी ओतलेल्या ३ कोटी डॉलरना त्या दीड महिन्यात गोळ्या लागलेल्यांच्या संख्येने भागले. उत्तर आले माणशी ५,८०० डॉलर. तुमच्या लेखी माणसाची किंमत एवढीच काय, हा त्यांचा सवाल होता.

याला कोणी बालिश आवेग म्हणेल. मी म्हणतो, हे चोख अर्थशास्त्र आहे! मागणी-पुरवठ्याचे आलेख काढण्यात हयात घालविलेल्या माझ्यासारख्या प्राध्यापकाने हा प्रश्न वर्गात कधी विचारला नाही, याची खंत वाटते. जेथे बंदूक हा माल, भीती ही मागणी आणि लोकप्रतिनिधी ही गुंतवणूक ठरते, तेथे मृत्यू हा केवळ उत्पादनखर्च उरतो.

तीन आठवड्यांत फ्लोरिडाच्या कायदेमंडळाला बंदूक-खरेदीचे किमान वय २१ करावे लागले. धनशक्ती अजिंक्य नाही, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु संघराज्याच्या कायद्यानुसार रायफल आजही अठराव्या वर्षी मिळते. मुलांनी गणित मांडले. ते तडीस नेण्याची जबाबदारी मोठ्यांची होती.