आईच्या वेगानं शेगाव

आईनं शेगावला सायकलवर जायचं काढलं तेव्हा घरात आधी तिच्या गुडघ्यांचा विषय निघाला. मामानं मला फोनवर झापलं, ‘ती म्हणेल गं, पण तुला कळायला नको?’ आईनं फोन हातात घेतला. ‘दादा, आयुष्यभर मी घाटीत ड्युटीला कशावर गेले?’ मामा गप्प झाला.

आई घाटी रुग्णालयात सिस्टर होती. गारखेड्यातून क्रांती चौक, पैठण गेट, औरंगपुरा करत रोज सायकलवर जायची. पांढरी साडी चेनमध्ये जाऊ नये म्हणून चेनकव्हर, मागच्या चाकाला जाळी, कॅरिअरला डबा. १९८५ला वाळूजला बजाजचा कारखाना आला, चिकलठाण्यात कंपन्या होत्याच. शिफ्ट सुटली की रस्ताभर सायकली असायच्या. मग लुना आल्या, स्कुट्या आल्या, आणि आईची सायकल जिन्याखाली गेली. आता सायकल पुन्हा रस्त्यावर आली आहे ती हेल्मेट घालून, गिअर लावून. पण जी पिढी पोटासाठी सायकल चालवत होती, तिला कुणी ‘चल’ म्हटलंच नाही. मला याचं फार वाईट वाटतं. आईवडिलांचं वय झालं की आपण त्यांना जपायचं म्हणून बसवून ठेवतो, आणि बसून बसून ते खरंच थकतात.

आमच्याकडे गारखेड्यात गजानन महाराजांचं मंदिर, त्यामुळे शेगावच ठरलं. अंतर दोनशे किलोमीटरच्या थोडं वर. ब्रेव्हे, म्हणजे वेळेच्या मर्यादेतली लांब पल्ल्याची राइड करणारे सायकलस्वार २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवतात, तसा नियमच आहे. आम्हाला घड्याळ नको होतं. मुक्काम करत, आई म्हणेल तिथं थांबत जायचं.

तयारी विभागीय क्रीडा संकुलाच्या आसपास केली. सीटची उंची आईनं स्वतः ठरवली. टाच पायडलवर ठेवायची, पायडल सगळ्यात खाली न्यायचं आणि पाय सरळ होतो का बघायचं. सीट खाली राहिली तर गुडघा पुरता उघडत नाही, प्रत्येक फेऱ्याला वाटीवर ताण येतो. हे तिनं मला एखाद्या पेशंटला समजवावं तसं समजावलं.

डिसेंबरात पहाटे निघालो. मुकुंदवाडी, चिकलठाणा, केंब्रिज चौक, शेंद्रा. थंडीत जालन्याकडे जाताना वारा तोंडावर येतो. मी पुढे राहून तो अडवत होते; मागं चाकाला चाक लावून राहिलं की दम कमी लागतो. थोड्या वेळानं आई बाजूनं पुढे आली. ‘तुझी पाठ बघायला आले का मी? बाजूला हो, तुरी बघू दे.’ बदनापूरच्या अलीकडे पलीकडे तूर उभी होती. तिथल्या संशोधन केंद्राच्या वाणांना बीडीएन हे नाव बदनापूरवरूनच पडलंय; बीडीएन ७११ तर मराठवाड्यात शेतकऱ्याच्या तोंडी असतं. ऊन चढलं तशी जालन्याच्या बाजूनं सळईच्या ट्रकांची रांग लागली. आई दर वेळी हँडल घट्ट धरून पांढऱ्या पट्ट्याच्या आत राहायची, वेग तसाच ठेवायची.

त्याआधी करमाड गेलं, आणि तिथं आम्ही दोघीही बराच वेळ बोललो नाही. ८ मे २०२०ची पहाट. लॉकडाऊनमध्ये गावी जायला जालन्याच्या स्टील कारखान्यातले मध्य प्रदेशातले मजूर भुसावळकडे निघाले होते. रुळांच्या कडेनं चालून थकले, रुळांवरच झोपले. मालगाडी आली आणि सोळा जण गेले. रुळांवर पडलेल्या पोळ्यांचे फोटो सगळ्या देशानं पाहिले. आई तेव्हा ड्युटीवर होती, नोकरीची शेवटची वर्षं.

त्याच महिन्यात बिहारच्या ज्योती कुमारीनं पाय जायबंदी झालेल्या वडिलांना, मोहन पासवानांना, मागे बसवून गुरुग्रामहून दरभंग्याजवळच्या गावी नेलं. बाराशे किलोमीटरच्या आसपास. सायकल जुनी विकत घेतलेली, मुलगी पंधरा वर्षांची. सायकलिंग फेडरेशननं चाचणीला बोलावलं, परदेशातून कौतुक आलं, पुढे राष्ट्रीय बालपुरस्कार मिळाला. वडील मे २०२१मध्ये हृदयविकारानं गेले. वडिलांबरोबरचा देशातला सगळ्यात गाजलेला सायकलप्रवास हाच, आणि तो हौसेचा नव्हता. कौतुक तिच्या जिद्दीचं झालं. तिच्यावर ही वेळ कुणी आणली, हे विचारणारे थोडे होते. आईनं चहाच्या टपरीवर एवढंच विचारलं, ‘त्या पोरीचे गुडघे कुणी तपासले का गं?’ आमच्याकडे पैसे होते, मुक्कामाची सोय होती, दमलो तर टेम्पो बोलावता आला असता. त्या मुलीपाशी यातलं काही नव्हतं. म्हणून आमच्या प्रवासाला मी पराक्रम म्हणणार नाही.

जालन्यापुढे समृद्धी महामार्ग दिसला. तिथं सायकलला मज्जाव आहे, आपला जुना रस्ताच बरा. सिंदखेडराजाला वाट वाकडी करून गेलो. लखुजी जाधवांच्या वाड्यात, जिजाऊंच्या जन्मस्थळी आई चपला काढून पायरीवर बसली, पाय चोळले आणि ‘चल’ म्हणाली. देऊळगावराजा, चिखली, अमडापूर, मग खामगाव. चढ आला की ती सरळ उतरून सायकल हातात धरायची. गिअरची सायकल असूनही. चढावर उतरण्यात तिला काहीच कमीपणा वाटत नव्हता, आणि तिच्याबरोबर चालताना मलाही वाटेनासा झाला. या चालण्यात तिनं मला नाइट ड्युटीच्या गोष्टी सांगितल्या, ज्या घरात कधीच निघाल्या नव्हत्या: कोणत्या वॉर्डात कोण रडलं, पहाटे परतताना पैठण गेटपाशी कुत्री मागं लागायची तेव्हा ती काय करायची.

शेगावला रांगेत उभं राहताना तिचे पाय थरथरत होते. दर्शन झालं, महाप्रसाद घेतला, येताना सायकली टेम्पोत टाकल्या.

त्यानंतरच्या रविवारी तिच्या दोन जुन्या सहकारी सिस्टर सूतगिरणी चौकातल्या सायकलवाल्याकडे आल्या. दोघींच्या सायकलींचे टायर वाळून चिरले होते. एकीला शुगर आहे. आईनं तिला आधी खिशात गूळ-शेंगदाणे ठेवायला सांगितले, मग पाना मागितला आणि सीट वर घ्यायला लावली. पहिला टप्पा पैठणचा ठरलाय, पन्नासेक किलोमीटर, एक मुक्काम करून.