विश्लेषण : रुग्णालयाची बिनपगारी ‘समिती’ नेमकी कोण चालवते? सिंधुदुर्गात तिच्या हाती पैसा किती, अधिकार किती?

मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा आचरा, मसुरे, चौके येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपरसाठी रांगेत उभे राहणाऱ्या बहुतेकांना एक गोष्ट ठाऊक नसते. नियमानुसार अशा प्रत्येक ठिकाणी एक समिती असते आणि तिच्यात गावातील काही माणसे असतात. ती पगार घेत नाहीत, पण औषध संपले तर तातडीने खरेदी करायची की नाही, गळणारे छत आधी दुरुस्त करायचे की प्रसूतिगृहातील पाण्याची टाकी, यावर त्यांची सही-संमती लागते. ही समिती रुग्णांच्या उपयोगी किती पडते?

रुग्ण कल्याण समिती म्हणजे काय?

सरकारी रुग्णालयाचा कारभार केवळ अधिकाऱ्यांच्या हाती राहू नये, म्हणून केलेली ही व्यवस्था. तिचे दोन स्तर असतात. नियामक मंडळ धोरण ठरवते, तर कार्यकारी समिती रोजचा खर्च पाहते. अध्यक्षपदी लोकप्रतिनिधी आणि सदस्य-सचिवपदी त्या रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक किंवा वैद्यकीय अधिकारी असतात. बाकीच्या जागांवर विविध खात्यांचे अधिकारी, स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी आणि गावातील मान्यवर येतात.

प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र या पातळीवर आता याच कामासाठी ‘जन आरोग्य समिती’ आहे. ज्या केंद्रांवर हल्ली ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी दिसते, तिथली ही समिती. उपकेंद्रात सरपंच अध्यक्ष आणि समुदाय आरोग्य अधिकारी सचिव, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जिल्हा परिषद सदस्य अध्यक्ष, अशी रचना केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. त्याखाली गावपातळीवर आणखी एक समिती असते, पाणी-स्वच्छता-पोषण पाहणारी. समित्यांची कमतरता आपल्याकडे कधीच नव्हती.

ही कल्पना आली कुठून?

इंदूरमधून. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. त्या भीतीच्या काळात इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय उंदरांनी भरलेले होते. रुग्णालय रिकामे करून साफ करण्याची मोहीम जिल्हा प्रशासन आणि नागरिकांनी मिळून राबवली आणि तेथून लोकसहभागाच्या समितीची कल्पना पुढे आली. मध्य प्रदेशने ती राज्यभर नेली. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यावर ती देशभर पसरली.

मूळ कल्पनेत पैसा येणार होता तो रुग्णांकडून घेतलेल्या शुल्कातून. महाराष्ट्रात मात्र १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. निर्णय रुग्णांच्या भल्याचाच होता. पण त्यामुळे समितीची झोळी आता प्रामुख्याने सरकारी अनुदान आणि देणग्यांवर अवलंबून आहे.

मग पैसा किती?

केंद्राच्या निकषांनुसार ‘अबंधित निधी’, म्हणजे कशावर खर्च करायचा हे स्थानिक पातळीवर ठरवता येणारा निधी, वर्षाला साधारण असा : जिल्हा रुग्णालयाला १० लाख, ग्रामीण रुग्णालयाला ५ लाख, प्राथमिक आरोग्य केंद्राला पावणेदोन लाख, आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्राला ५० हजार आणि गावाच्या समितीला १० हजार रुपये. प्रत्यक्षात हाती येणारी रक्कम आधीचा खर्च, रुग्णसंख्या आणि वरून येणारे हप्ते यांवर कमी-जास्त होते.

थोडा हिशेब करू. पावणेदोन लाख भागिले ३६५ म्हणजे दिवसाला ४८० रुपयेसुद्धा नाहीत. सपाट भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे ३० हजार लोकसंख्या धरतात. म्हणजे माणशी वर्षाला सहा रुपयांहून कमी. मालवणच्या बंदरावर एवढ्यात चहाही मिळायचा नाही.

तरीही हा पैसा क्षुल्लक नाही, कारण तो मोकळा आहे. पगार, इमारत, औषधे यांचे मोठे पैसे ठरलेल्या लेखाशीर्षाखाली येतात, ते इकडचे तिकडे करता येत नाहीत. कोकणच्या गरजा मात्र मुंबईत बसून आखलेल्या रकान्यांत नेहमी मावत नाहीत. भातलावणी सुरू झाली की लेप्टोची धास्ती, सर्पदंशाचे रुग्ण. दोडामार्गात २०१६ पासून माकडताप. किनाऱ्यावर खाऱ्या हवेने गंजणारी खिडकी, खाट, जनरेटरचा पत्रा. पावसाळ्याच्या तोंडावर इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची, तर सर्वांत जवळचा पैसा हाच. तातडीची औषध खरेदी, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, गरीब रुग्णाची वाहतूक हे सारे त्यातून करता येते. सत्कार-समारंभ किंवा वाहन खरेदी करता येत नाही.

अध्यक्षाची खुर्ची रिकामी राहिली तेव्हा काय झाले?

सिंधुदुर्गातला खरा प्रश्न इथे आहे. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली. राज्यातील अनेक जिल्हा परिषदांप्रमाणे येथेही ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका अडकल्या आणि मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक झाले. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका चार महिन्यांत घ्या, असा आदेश दिला, तोवर तीन वर्षे उलटून गेली होती.

जिल्हा परिषद सदस्यच नाहीत, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीला लोकांनी निवडलेला अध्यक्ष आणायचा कुठून? उरले कोण, तर तालुका आरोग्य अधिकारी आणि केंद्राचे वैद्यकीय अधिकारी. त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी आणि सर्वांत वर प्रशासक. म्हणजे खर्च करणारा, मंजुरी देणारा आणि हिशेब तपासणारा एकाच साखळीतला. इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळेत पहिल्याच महिन्यात सांगतात, ज्या यंत्राची चाचणी घ्यायची त्याच्याच मीटरवर विसंबू नका. इथे तीन वर्षांहून जास्त काळ नेमके तेच झाले. यात कुणी पैसे खाल्ले असे म्हणायचे नाही, तसा पुरावा आमच्यासमोर नाही. प्रश्न विचारायला बाहेरचा माणूस खुर्चीत नव्हता, मुद्दा एवढाच.

उपकेंद्रांचे वेगळे. तिथे अध्यक्ष सरपंच, आणि सरपंच निवडून आलेले होते. त्यामुळे धाकट्या समितीला लोकनियुक्त अध्यक्ष आणि थोरलीला नाही, अशी उलटी परिस्थिती निर्माण झाली.

सदस्य असूनही गप्प का असतात?

अध्यक्ष असला तरी अडचण संपत नाही. बैठक बोलावणारा, विषयपत्रिका तयार करणारा आणि इतिवृत्त लिहिणारा एकच असतो : सदस्य-सचिव, म्हणजे ज्याच्या कामावर देखरेख ठेवायची तो डॉक्टर. त्या बिचाऱ्याचीही कोंडी असते. ओपीडी, शवविच्छेदन, लसीकरणाचा अहवाल आणि वर हा दप्तराचा व्याप. मार्च उजाडतो, ३१ तारखेच्या आत निधी खर्ची पडायला हवा असतो, मग सह्यांसाठी फाइल घरोघरी फिरते.

सदस्याच्या बाजूने पाहा. त्याला अंदाजपत्रक वाचायला कुणी शिकवलेले नाही. रात्री-अपरात्री घरच्यांना घेऊन त्याला याच डॉक्टरकडे जायचे आहे. तालुक्यात पर्याय मोजके असताना संबंध कोण बिघडवेल? आणखी एक म्हणजे, त्याला नेमले कुणी? बहुतेकदा लोकप्रतिनिधीच्या शिफारशीने. इंग्लंडमध्ये २००४ पासून फाउंडेशन ट्रस्ट रुग्णालयांत असेच बिनपगारी ‘गव्हर्नर’ आले. त्यांतले बरेचसे रुग्ण आणि स्थानिक रहिवासी यांनी मतदानाने निवडलेले असत आणि मंडळाचा अध्यक्ष नेमण्याचा-हटवण्याचा अधिकार कायद्याने त्यांच्याकडे होता. मानधन तिथेही नव्हते. आपल्याकडच्या सदस्याला पगार नाही आणि हा अधिकारही नाही.

गंमत म्हणजे जाब विचारणे मालवणी माणसाला नवे नाही. देवस्थानच्या सभेत नारळांचा हिशेब दहा रुपयांनी चुकला तरी आवाज चढतो. गावाच्या मुंबई मंडळाच्या वार्षिक सभेत चाकरमानी पावती-पावती तपासतात. तीच माणसे आरोग्य केंद्राच्या समितीचे नाव ऐकून ‘असा काय तां?’ असे विचारतील.

बांबोळीचा याच्याशी काय संबंध?

बराच. ओरोसला २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असले, तरी गंभीर रुग्णाला शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या गोवा मेडिकल कॉलेजला, म्हणजे बांबोळीला नेणे मालवणात आजही रोजचेच आहे. जानेवारी २०१८ मध्ये गोव्याने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले. ती लढाई गोव्याच्या दारात झाली. पण महिन्याला किती रुग्ण पुढे पाठवले, कशासाठी पाठवले, त्यातले किती भूलतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ जागेवर असता तर इथेच बरे झाले असते, ही यादी समितीच्या टेबलावर दर महिन्याला मागता येते. समिती डॉक्टरांची पदे भरू शकत नाही. आकडे इतिवृत्तात नोंदवून वर पाठवले, तर रिक्त पद मात्र केवळ चर्चेचा विषय न राहता नोंद बनते.

महाराष्ट्रात असे झालेले आहे. २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत ‘लोकाधारित देखरेख’ प्रक्रिया सुरू झाली. पुण्याची ‘साथी’ संस्था राज्य पातळीवर समन्वय पाहत होती. गावांनी आरोग्य सेवेचे प्रगतिपुस्तक भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी सर्वांसमोर उत्तर द्यायचे, अशी ती पद्धत. पहिल्या पाच जिल्ह्यांत सिंधुदुर्ग नव्हता.

सामान्य रुग्णाला काय करता येईल?

पुढच्या वेळी केंद्रात गेलात, तर समितीच्या सदस्यांची नावे लावलेला फलक शोधा. नसेल, तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली साध्या कागदावर अर्ज करा, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. तीन गोष्टी मागा : समितीच्या सध्याच्या सदस्यांची यादी, मागील दोन वर्षांतील बैठकांची इतिवृत्ते आणि अबंधित निधीची रोकडवही. अर्ज ग्रामीण रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे द्यायचा. उत्तरासाठी मुदत ३० दिवसांची. इतिवृत्तातल्या तारखा पाहताना त्यांतल्या किती मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या आहेत, हे आधी मोजा.