आगोटीत उजेडही भरायला हवा

आमच्या रायगडात पावसाळ्याआधीच्या बेगमीला 'आगोट' म्हणतात. मे महिना आला की घरोघरी आगोटीची लगबग सुरू होते. मिरची कांडून आणायची, हळद दळायची, पापड-कुरडया वाळवायच्या, सुके बोंबील, सुकट भरून ठेवायची, कांदे टांगायचे, कडधान्याला ऊन दाखवायचं. चार महिने पाऊस बाहेर पडू देईल न देईल, घरातलं कुणी उपाशी राहू नये, एवढाच त्यामागचा साधा हिशेब.

आपल्या आज्या-सासवांच्या आगोटीत मात्र आणखी एक खण असायचा. उजेडाचा आणि विस्तवाचा! पडवीत छपरापर्यंत रचलेली लाकडं, कोरड्या जागी गोवऱ्या, रॉकेलचा भरलेला डबा, कंदिलाची जादा काच, वाती आणि घट्ट झाकणाच्या डब्यात काड्यापेट्यांचा पुडा. मग घरात वीज आली, गॅस आला आणि हा खण यादीतून अलगद गळून पडला. धूर गेला, डोळ्यांची जळजळ गेली, हे चांगलंच झालं. त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. पण पाऊस? तो तर तस्साच आहे ना!

नेरळ, कर्जत, खालापूरकडच्या बायकांना वेगळं सांगायला नको. पहिला वळीव कोसळला की पहिल्यांदा काय जातं? लाइट! माझ्या मुंबईच्या मैत्रिणी विचारतात, "अगं, चार थेंब पडले तर लगेच कशी जाते तुमच्याकडची वीज?" त्याला कारण आहे. विजेच्या तारा खांबावर ज्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसवलेल्या असतात, ते एप्रिल-मेच्या उन्हात रसरशीत तापतात. त्यांच्यावर एकदम गार पाणी पडलं की तडे जातात आणि वीज आपोआप बंद होते. मग लाइनमन भर पावसात एकेक खांब तपासत निघतो. आपल्याकडच्या तारा माळावरून, रानातून, डोंगराच्या कडेकडेनं गेलेल्या. कुठं फांदी पडलेली, कुठं अख्खं झाड. शहरातल्यासारख्या जमिनीखालून गेलेल्या तारा इथे फार थोड्या. त्या चिखलातून खांबावर चढणाऱ्या लाइनमनला मी तरी मनोमन हात जोडते.

पण लाइट येईपर्यंतचे ते तास किंवा दिवस कुणाच्या वाट्याला येतात, याचा विचार आपण कधी केलाय? बिलावर नाव बहुतेक घरी 'त्यांचं' असतं, अंधार मात्र आपल्या ओट्याशी येऊन उभा राहतो. पंप बंद म्हणून नळाला पाणी नाही, म्हणजे हंडा उचलायचा आपण. मिक्सर बंद, गिरणी बंद, म्हणजे पाटा-वरवंटा आपला. सासऱ्यांच्या इन्सुलिनची काळजी आपली, बाळाला वारा घालायचा तोही आपणच. आणि रात्री परसात जायची वेळ आली तर? पावसात बिळांत पाणी शिरतं आणि साप कोरड्या जागेला येतात. मण्यार तर रात्रीच हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि कित्येकदा चावल्याचं कळतसुद्धा नाही. अशा वेळी हातातली बॅटरी ही चैन नसते हो, जिवाचा प्रश्न असतो.

आता थोडं मागे जाऊन बघू या. आपल्याच कर्जत तालुक्यात भिवपुरीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९२२ साली सुरू झालं. त्याआधी १९१५ साली खोपोलीचं. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेलं पाणी घाटाखाली उतरवायचं, त्यावर वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना, गाड्यांना पुरवायची. शंभर वर्षं ही वीज आमच्या डोक्यावरून मुंबईला जातेय! २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं आठवा. गावोगावी तासन् तास अंधार, पोरं दहावीचा अभ्यास कंदिलावर करायची आणि मुंबई मात्र भारनियमनातून वगळलेली. मुंबईवर राग नाही, आमच्या घरातली माणसं रोज लोकल पकडून तिथेच पोटाला जातात. सांगायचं इतकंच, की वीज दाराशी तयार झाली म्हणून ती दारात थांबतेच असं नाही.

आणि मुंबईचीही जाते बरं! १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडे विजेचे खांब काडीसारखे मोडले. कितीतरी गावं पुढे काही आठवडे अंधारात होती. परदेशातसुद्धा हेच. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, जिथे आपल्याकडची कितीतरी मुलं-सुना नोकरीला आहेत, तिथे फेब्रुवारी २०२१मध्ये कडाक्याची थंडी पडली आणि लाखो घरांची वीज गेली. दोनशेहून जास्त माणसं दगावली. त्यांतली काही थंडीनं नाही, तर ऊब मिळवायला बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवल्यानं, घरातच जनरेटर लावल्यानं गेली. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना वास, ना रंग. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण पावसाळ्यात दारं-खिडक्या गच्च लावून आत कोळशाची शेगडी पेटवली तर धोका तोच. म्हणून शेगडी असो वा जनरेटर, तो पडवीत, मोकळ्या हवेतच.

या सगळ्यातून मला एक गोष्ट पटली आहे. पूर्वी घरात तीन-चार प्रकारचं इंधन असायचं, एक संपलं तर दुसरं. आता आपण सारा भार एकाच तारेवर टाकला आहे. गॅस महाग म्हणून इंडक्शन घेतलं, म्हणजे स्वयंपाकही त्याच तारेवर. एकाच खुंटीला सगळे कपडे टांगले की खुंटी निघते तेव्हा सगळेच खाली येतात! म्हणून उजेड, स्वयंपाक, पाणी आणि फोन या चार गोष्टींसाठी घरात दोन-दोन सोयी हव्यात. ही आजची आगोट.

उजेडापासून सुरुवात करू. मेणबत्ती स्वस्त, पण मच्छरदाणी आणि लहान मुलं असलेल्या घरात धोक्याची. त्यापेक्षा चार्जिंगचा दिवा किंवा सौर कंदील बरा. इन्व्हर्टर असेल तर त्याचं गणित समजून घ्या. १५० ॲम्पिअर-तासांची नवी बॅटरी असेल तर नऊ वॅटचे चार एलईडी दिवे आणि एक साधा पंखा साधारण आठ-नऊ तास चालतो. पंखा बंद ठेवून नुसते दिवे लावले तर तीच बॅटरी दिवसभराहून जास्त पुरते. म्हणजे वीज दोन दिवस येणार नाही असं दिसलं की पहिल्याच रात्री पंख्याचा मोह आवरायचा. बॅटरीत पाणी घालायचं ते डिस्टिल्डच, नळाचं नाही. आणि ते मे महिन्यातच बघायचं.

स्वयंपाकाला इंडक्शन असलं तरी भरलेला सिलिंडर हवाच. वाडीवर चूल असेल तर ती मोडू नका, चार दिवस पुरतील एवढी कोरडी लाकडं ठेवा. लाइट आहे तोवर पिंप, हंडे भरून घ्या. फोनसाठी पॉवर बँक ठेवा, पण मोबाइलच्या टॉवरलाही वीजच लागते, तीही कधीतरी संपते. म्हणून दवाखाना, शेजार आणि वीज तक्रारीचा १९१२ हे नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा. इन्सुलिन असेल तर माठाच्या गारव्यात किती दिवस चालेल, ते आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आणि तुटलेली तार दिसली तर ती जिवंतच आहे असं समजायचं. हात नाही लावायचा, काठीनंही नाही.

बचत गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, छतावर सोलर बसवलं की लाइट गेल्याचं दुखणं गेलंच ना?" इथे थोडं थांबा. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान आहे. बिल कमी करायला योजना उत्तमच. पण बॅटरी नसलेली, तारेला जोडलेली सोलर यंत्रणा तारेतली वीज गेली की स्वतःही बंद होते, अगदी लख्ख उन्हातसुद्धा! छतावरची वीज तारेत उतरून खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून ती तशी मुद्दाम केलेली असते. लाइट गेल्यावरही दिवे हवेत तर बॅटरी आणि त्याला साजेसा इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च वेगळा. आणि आपल्या आषाढात ऊनच कुठे असतं? सह्या करण्यापूर्वी हे विक्रेत्याला जरूर विचारा.

हे झालं तुमचं-माझं. डोंगराच्या अंगाखांद्यावरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांचं काय? २०१६ साली उज्ज्वला योजना आली, चुलीपुढच्या कितीतरी बायकांना गॅस मिळाला. मात्र गॅस जोडणी आली त्या शिधापत्रिकेवरचं रॉकेल बंद झालं. चुलीला पर्याय मिळाला, कंदिलाला कुणी दिला? रॉकेल परत आणा असं मी म्हणणार नाही, त्याच्या धुरानं आणि भडक्यानं बायकांचंच जास्त नुकसान केलंय. पण जुना दिवा काढून घेताना नवा हातात ठेवायला हवा होता. काही वाड्यांवर सौर कंदील वाटले जातात, त्यांचे फोटोही निघतात. दोन-तीन वर्षांत बॅटरी संपते आणि कंदील आढ्याला लटकत राहतो. दिवा देताना दुरुस्तीही शिकवायला हवी. आयआयटी मुंबईनं सौर अभ्यासदिव्यांच्या प्रकल्पात गावातल्याच माणसांना दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवलं. हे आपल्या बचत गटातल्या पोरींना जमणार नाही का?

कुणी म्हणेल, "बिल आम्ही भरतो, वीज देणं हे कंपनीचं काम, आम्ही कशाला तयारी करायची?" अगदी खरं. वीज नियामक आयोगाचे नियम आहेत, ठरल्या वेळेत दुरुस्ती झाली नाही तर ग्राहकाला भरपाई मागता येते. जरूर मागा. पण वादळ, पुरासारख्या आपत्तीत त्या नियमांना सूट असते आणि आपला अंधार बहुतेक तेव्हाचाच. हक्क सोडायचा नाही, पण रात्र तर निभावायला हवी!

म्हणून घरच्या आगोटीइतकीच गावाची आगोटही महत्त्वाची. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत आणि ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. १ मेच्या ग्रामसभेआधीच्या त्या सभेत नुसत्या सह्या करून परत येऊ नका. तारांवरच्या फांद्या कधी छाटणार? नळपाणी योजनेच्या पंपाला वीज गेल्यावर दुसरी सोय काय? आरोग्य उपकेंद्रात रात्री बाळंतीण आली तर दिवा कशावर लागणार? शाळेत किंवा समाजमंदिरात एक बॅटरी ठेवून वाडीतल्या सगळ्यांचे फोन चार्ज करता येतील का? हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.

पावसाळ्यात घरातल्यांच्या पोटाची काळजी आपण बायकांनी पिढ्यान् पिढ्या वाहिली, त्यासाठी कुणी शासकीय आदेश काढला नव्हता. तेच शहाणपण आता उजेडासाठी वापरायचं आहे. यंदा मसाल्याची यादी कराल, तेव्हा त्याच कागदावर खाली दिवा, बॅटरी, सिलिंडर, पाणी आणि १ मेची सभा एवढं लिहाच. मृगाआधी!